चाळणीत आलेला तांब्या

ती. आईस,
धुळ्याहून सारिकाचा नमस्कार.

काळजी करू नकोस. कामावर हातमोजे मिळतात. जुना कचरा उकरून, चाळून आम्ही लोखंड, प्लास्टिक वेगळं काढतो. आता खालची जमीन दिसू लागली आहे.

काल चाळणीत चेपलेला तांब्या आला. त्यावर कोरलं होतं, 'चि. कुसुम हिस आईकडून.' मी पुसतच बसले. सोबतची भिकुबाई म्हणाली, "भंगार शे माय, टाकी दे!" मला त्या अनोळखी कुसुमचाही हेवा वाटला.

हेमांगीच्या लग्नात तू चमच्यांवरसुद्धा तिचं नाव घातलंस. मी पळून जाऊन लग्न केलं, म्हणून माझं नाव कशावरच नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? हेमांगी रोज येते ना?

दिवाळीला येईन. एका वाटीवर माझं नाव घालून ठेवशील? चेपलेली असली तरी चालेल.

तुझीच,
सारिका