गच्चीवरचा गोखरू

आई, काल सकाळी मी गच्चीवरचा गोखरू मुळासकट उपटून टाकला. हातमोजे घालून. तू असतीस तर त्या हातमोज्यांना हसली असतीस. अजून चिडलेली आहे मी, आणि ज्यांच्यावर चिडले त्यांच्याशी बोलावंसं वाटत नाही, म्हणून तुला लिहितेय.

वागळे इस्टेटमधल्या त्या औषधांच्या कारखान्यात तू एकोणीस वर्षं गोखरू निवडलास. खाली पसरलेला ढीग, मांडीवर सूप. खडे, काड्या, कुजकी फळं बाजूला. सुट्टीत एकदा तुझा विसरलेला डबा घेऊन मी तिथं आले आणि ढिगात सरळ हात घातला. काटे तळव्यात रुतले. सगळ्या बायांसमोर तू म्हणालीस, "हात घालायच्या आधी बघावं गं. एवढं शिकतेस, हे नाही शिकवत?" मला भयंकर राग आला होता. संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यापाशी तू सुईनं एकेक काटा काढतेस, वर हळद लावतेस, आणि पहिल्यांदाच माझं लक्ष तुझ्या बोटांकडे जातं. टोचून टोचून ती इतकी निबर झालीयेत की सुई दोनदा हातातून निसटते.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा तू रुमालाच्या टोकाला बांधून मूठभर गोखरू आणलास. "पुस्तकात बघण्यापेक्षा लावून बघ. पिवळं फूल येतं म्हणतात, मी कुठं पाहिलंय!" परीक्षा होती, मी लावला नाही. डोंबिवलीला राहायला आलो तेव्हा ते बी कुठं गेलं, देव जाणे.

मी कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सोलापूरकडच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं तिच्या माळावरचं बी पाठवलं. तिकडे कुणी न लावता, न पाणी घालता हा चटईसारखा पसरतो. इथे मी, तीस वर्षं हाच विषय शिकवलेली बाई, दोन वर्षं झगडले. पहिल्या वर्षी जूनमध्ये पेरला; आपल्याकडच्या पावसात कुजला. दुसऱ्या वर्षी पाऊस सरल्यावर निम्मी वाळू घालून कुंड्या भरल्या, बी सॅंडपेपरवर घासलं, रात्रभर भिजवलं. चाळीसातली चार उगवली. एक मुंग्यांनी, एक कबुतरांनी नेलं, एक माझ्याच जास्तीच्या पाण्यानं गेलं. कसला हट्टी जीव! विचारायला तू नाहीस, आणि असतीस तरी तुला फक्त वाळलेली फळंच माहीत.

उरलेलं एक जानेवारीत फुललं. नखाएवढं पिवळं फूल, पाच पाकळ्या. सकाळी उघडायचं, ऊन चढलं की मिटायचं. मी चहा घेऊन रोज त्याच्यापाशी बसायचे. मग फळं धरली, वाळली, गच्चीभर पसरली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या छोटीच्या पायात काटा गेला. अनवाणी खेळत होती बिचारी. मीच तिला मांडीवर घेऊन काटा काढला. तिची आई तिला उचलून खाली घेऊन गेली, आणि रविवारी सोसायटीची मीटिंग लागली.

"मॅडम, हौस आहे तर गुलाब लावा, मोगरा लावा," सेक्रेटरी म्हणाले. "हे काटेरी गवत कशाला?"

"गवत नाही ते. औषधी आहे."

"मेडिकलमध्ये मिळतं की! पोरं खेळतात हो वर."

त्यांचं चूक नव्हतं, याचाच जास्त संताप आला. जाळी लावते म्हटलं, झाडून घेते म्हटलं. कुणी ऐकेना. मतं घेतली, माझ्या बाजूनं माझा एकटीचा हात. दोन वर्षं गेली, आणि उपटायला दोन मिनिटं लागली नाहीत. मूळ मात्र बोटाएवढं जाड, खोल गेलेलं.

एवढंच लिहून थांबणार होते. हे कुठं पाठवायचं नाहीच, तर उरलेलंही लिहिते. त्या मीटिंगमध्ये शेवटी शेजारच्या बाईंनी सरळ विचारलं, "पण तुम्हाला हेच झाड का हवंय?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी एक कुंडी ठेवू दिली असती. मी म्हटलं, "कॉलेजचं संशोधन आहे."