टबातलं भात

हिंजवडी,
रविवार, १२ ऑक्टोबर २००८

सौ. चंद्रभागाअक्कांना निशाचा नमस्कार. दाजींना नमस्कार, मुलांना गोड पापा.

इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या भावाच्या दोन्ही गाड्या कंपनीच्या कामावर लागल्यात. हे सकाळी सहाला घर सोडतात, ते थेट रात्री जेवायला. दिवसभर पुलाखाली अडकलेले असतात. घरात आम्ही दोघं राहतो हे आता फक्त रेशनकार्डावरून कळतं.

आईंचे गुडघे कसे आहेत? खडकवासल्याची हवा त्यांना मानवली असं तुम्ही दर फोनला सांगता. मानवली असेल तर चांगलंच आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वाटलं असेल. फोनवर तुम्ही "आई बरी आहे" म्हणता, मी "बरं" म्हणते, आणि मग आपण दोघी भाजीच्या भावाचं बोलतो. आई फोनवर येत नाहीत. पत्र मात्र तुम्ही त्यांना वाचून दाखवाल, म्हणून लिहायला बसले. पण एक करा. खाली मी फुली मारीन, तिथून पुढचं मोठ्यानं वाचू नका. आधी मनात वाचा.

आईंना शाळेचं ऐकायला आवडायचं, म्हणून सांगते. या महिन्यात आमच्याकडे पानगळ आहे. हेड ऑफिसकडून वर्षाचा तक्ता येतो, त्यात ऋतू त्यांनीच ठरवलेले असतात. ऑक्टोबरात मुलांकडून नारिंगी पानं चिकटवून घ्यायची, डिसेंबरात कापसाचा बर्फ. अभिनव नावाचा साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. तो खिडकीबाहेर हिरव्यागार झाडाकडे बघून म्हणाला, "टीचर, ह्या झाडाला कुणी सांगितलं नाही का?" मी म्हटलं, सांगते. काल घरी बसून एकशेवीस पानं कापली, अंगठ्याला फोड आला. पानगळीची गोष्ट अस्वलाची आहे. अस्वल अख्खी थंडी झोपून काढतं. ती सांगताना मला इतकी जांभई येते की मुलांना वाटतं ते गोष्टीतलंच आहे. हल्ली फार थकायला होतं, अक्का. कामानं नाही एवढं.

दसऱ्याला तोरण बांधलं. भाताच्या लोंब्या फुलवाल्याकडून विकत आणल्या. दारावर बऱ्या दिसल्या.

×

आता मनात वाचा.

आई तुमच्याकडे हवापालटाला आलेल्या नाहीत. गुडघ्यांसाठीही नाही. मी सगळ्यांना तसं सांगितलं आणि त्यांनी ते खोटं पाडलं नाही. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं नसणार, हे मला माहीत आहे.

तीन वर्षांपूर्वी शाळेत मुलाखतीला गेले, तेव्हा माझ्यापुढे गावातल्या दोन पोरी होत्या, दोघी बारावी झालेल्या. दोघींना मावशी म्हणून घेतलं, मुलांना शू-शीला न्यायला. गावातल्या बाईला टीचर करत नाहीत, तिची भाषा मुलं उचलतात म्हणे. मी फॉर्मवर कोथरूडचा माहेरचा पत्ता लिहिला आणि टीचर झाले. घरून चालत सात मिनिटांत पोचते आणि उशीर झाला की सांगते, बस मिळाली नाही.

शाळा कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच. मामंजींच्या मागं विकलेलं उंबराखालचं खाचर, त्यावरच्या टॉवरचा तळमजला. मी जिथं खडू वाटते, तिथंच कुठंतरी लग्नाच्या वर्षी आईंच्या मागोमाग लावणीला उतरले होते आणि चिखलात माझं एक जोडवं गेलं होतं. फरशीखाली असेल अजून.

जुलैच्या तक्त्यात 'पावसाळा आणि शेतकरीदादा' होतं. आमच्या मुख्य नम्रता मॅडमना फोटोसाठी खरंखुरं कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, गावातल्या एक आजी आहेत ओळखीच्या. ओळखीच्या! घरी येऊन आईंना सांगितलं, शाळेत मला नावानं हाक मारायची नाही, मॅडम म्हणायचं, तसा नियम आहे. त्या म्हणाल्या, "नेम असल तर पाळाया पायजे."

पौडच्या मामांकडून त्यांनी रोपांची जुडी आणवली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. पोरांना डुंबायला आणलेला निळा टब होता, त्यात कुंड्यांतली माती आणि पाणी कालवून आम्ही खाचर केलं होतं. आईंनी त्यात हात घातला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्यो चिखल न्हाई, ह्ये पिठलं हाय." आणि स्वतःच नीट करायला बसल्या.

मुलं हात घालेनात. एकीच्या आईनं तर प्लास्टिकचे हातमोजे पाठवले होते. मग आईंनी गोष्ट सुरू केली. "रोप वाफ्यात आयजवळ असतंय. तितनं उपाटलं की रुसतंय. तीन दिस मान टाकून बसतंय. त्येला रोज नावानं हाक मारायची, मंग उठतंय." एवढीच गोष्ट. तक्त्यातल्या गोष्टीसाठी मी पुठ्ठ्याचे बेडूक केले होते, ते तसेच राहिले. प्रत्येक मुलानं एकेक रोप लावलं आणि त्याला आपलंच नाव दिलं. अख्खा वर्ग टबाभोवती बसून स्वतःलाच हाका मारत होता. तीन वर्षांत माझ्या वर्गात असं काही झालं नव्हतं. मला हेवा वाटला, आणि माझ्या सासूबाई आहेत म्हणून सांगावंसंही वाटलं. सांगितलं नाही.

फोटो झाल्यावर टब जनरेटरच्या मागं नेऊन ठेवला. पण आईंनी मुलांना शब्द दिला होता. त्या रोज सकाळी येऊन रोपांना हाका मारायच्या, बावीसच्या बावीस नावं त्यांना पाठ झाली होती. वॉचमन उत्तरेश्वर नवा होता, तीन दिवस त्यानं सोडलं. चौथ्या दिवशी एका पालकानं तक्रार केली की कुणी गावातली बाई शाळेत फिरते. उत्तरेश्वरनं आईंना फाटकावर अडवलं. मी आणि मॅडम तिथंच, त्या पालकाशी बोलत उभ्या होतो.

आई त्याला म्हणाल्या, "आरं, माझी सून हाय आत. निशा."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "निशा, तू ओळखतेस यांना?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. त्या दिवशी आलेल्या आजी आहेत. गावात या बायका सगळ्यांनाच सून म्हणतात."

आईंनी ऐकलं. चार पावलांवर होत्या. त्या उत्तरेश्वरला म्हणाल्या, "चुकलं माझं, बाबा. डोळ्याला दिसत न्हाई आता." आणि पदर सारखा करून गेल्या. अक्का, आईंना रस्त्यापलीकडच्या बसची पाटी सोडून सगळं दिसतं, आणि पाटीही अक्षरओळख नाही म्हणूनच. माझी नोकरी राहावी म्हणून त्या आंधळ्या झाल्या.

संध्याकाळी घरी आले तर त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला होता. तो मी प्यायले. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली, म्हणाल्या, चंद्रीकडं चार दिस जाऊन येते. मी त्यांना स्टॉपवर पोचवायला गेले. त्यांची पिशवीसुद्धा मी उचलली. एवढं केलं, पण तोंड उघडलं नाही.

त्यानंतर मुलांच्या बाटल्यांत उरलेलं पाणी मी रोज टबात ओतत आले. हाका मारायची मला लाज वाटायची, नुसतं पाणी घातलं. सात रोपं गेली, पंधरा राहिली. शुक्रवारी उत्तरेश्वर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं ज्वारी असती, मला कळत न्हाई, पर ह्ये निसवलंय जणू." खरंच. अकरा लोंब्या आल्यात. मुलांना नेऊन दाखवलं. अभिनव म्हणाला, "आजीनं हाक मारली होती ना! आजी कुठंय?"

नम्रता मॅडम पण आल्या. खूश झाल्या. "निशा, त्या आजींचा नंबर आहे का? कापणीचे फोटो मस्त येतील."

मी म्हटलं, "त्या माझ्या सासूबाई आहेत. या जागेवरचं खाचर त्यांचं होतं. मी इथंच, हिंजवडीत राहते. त्या दिवशी मी खोटं बोलले."

 मॅडम म्हणाल्या, "फाइलमध्ये तर कोथरूड आहे." मी म्हटलं, हो. "दिवाळीनंतर बोलू," म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून दिवाळीनंतर मी टीचर नसेन. असो. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? मला ती मुलं आवडतात, अस्वल नाही आवडत.

पण अक्का, हे मी मॅडमना सांगितलं आणि ज्यांना सांगायचं त्यांना अजून सांगितलं नाही. तीन दिवस रुसतं आणि रोज नावानं हाक मारली की उठतं, हे मी बावीस मुलांबरोबर बसून ऐकलं होतं. अडीच महिने झाले, मी एकही हाक मारली नाही.

म्हणून आता एवढं करा. ती फुली खोडा. आईंना समोर बसवा आणि पत्र पहिल्यापासून मोठ्यानं वाचा. "ओळखीच्या" वाचा, "नाही मॅडम" वाचा, काहीही गाळू नका. घरात कुणी असलं तरी असू द्या.

आई, मी चुकले. तुम्ही माझ्या आहात. लोंब्या अजून हिरव्या आहेत, कापायच्या कधी ते मला कळत नाही. तुम्ही या. फाटकावर मी उभी राहीन, आणि उत्तरेश्वरनं विचारलं तर ह्या वेळी मी उत्तर देईन.

मथुराबाईंची सून,
निशा