वन्सं, तुमचं लुगडं एवढं पांढरं कसं?

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, दुपारची झोप सोडून

प्रिय सकीना,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घे. एक तुझ्या गुडघ्यांना आणि एक तुझ्या साखरेला. तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे म्हणून विचारते. फोनवर खरं उत्तर मिळत नाही, कारण तुझा आवेज फोन स्पीकरवर ठेवतो आणि तू लेकाला ऐकू जाईल अशा बेताने "अल्हम्दुलिल्लाह, बरी आहे" म्हणतेस. आवेजच्या झेबाला या आजीचा आशीर्वाद. तुझे मियाँ, आमचे भाईजान, गेले आणि तू मालेगावला लेकाकडे गेलीस, तेव्हापासून नाशिकला पाऊल टाकलेलं नाहीस, हा विषय मी या पत्रात काढणार नाही. (काढलाच असता तर एसटी बायकांना अर्ध्या तिकिटात आणते हेही लिहिलं असतं.)

आता ज्यासाठी पेन उचललं ते सांगते. माझा भर सभेत अपमान झाला आहे आणि त्याला तू जबाबदार आहेस. आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला यंदा पोरांनी 'जुन्या टीव्हीची संध्याकाळ' ठेवली. गेटवर थर्माकोलचा भला मोठा टीव्ही, त्यात डोकं घालून फोटो काढायचे. (मी काढला नाही. टीव्हीत डोकं घालण्याचं वय जेव्हा होतं, तेव्हा घरच्यांनी घालू दिलं नाही.) सूत्रसंचालन आमच्या सूनबाईंचं, म्हणजे सायलीचं. तिचा जन्म केबलनंतरचा. तयारी म्हणून तिने मला विचारलं, "आई, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये साडीचा रंग कसा कळायचा हो तुम्हाला?" आपल्या कॉन्व्हेंटात असला प्रश्न विचारला असता तर सिस्टर बर्नाडेटनी डस्टर फेकलं असतं. मी नुसता चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. कळायचा कसा म्हणजे काय? गल्लीत टीव्हीसमोर पंचवीस माणसं बसायची, प्रत्येकाच्या मनातली साडी वेगळ्या रंगाची. हवी ती घ्यावी.

कार्यक्रमात तिसऱ्याच जाहिरातीला लॅपटॉप बंद पडला. पोरांची पळापळ. त्यातल्या एका शहाण्याने पुठ्ठ्यावर 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व' लिहून तो पडद्याला टेकवला. सकीना, आम्हा साठीच्या आसपासच्या झाडून सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग! आम्ही टाळ्या वाजवल्या. "काय हुबेहूब जमवलंय!" म्हणून माना डोलावल्या. कुणी उठलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. व्यत्यय आला की दूरदर्शनच्या पाटीकडे बघत बसायचं, ही शिस्त आपल्या हाडात मुरलेली. पाच मिनिटांत शेंगा निघाल्या, "तुमच्याकडे टीव्ही कधी आला हो?" सुरू झालं, आणि बारा वर्षं एकाच जिन्याने चढणाऱ्या बायकांना एकमेकींची माहेरं कळली.

मीही सांगितलं. आमच्याकडे टीव्ही कधी आलाच नाही (अण्णांच्या मते टीव्हीने मुलींची दहावी बुडते), पण भद्रकालीतल्या आमच्या गल्लीत चौऱ्याऐंशी साली तुझ्या अब्बांनी आणला आणि खिडकीत ठेवला, तोंड गल्लीकडे करून. त्यामुळे घरात बसून तो दिसायचाच नाही, आणि ज्यांचा टीव्ही ती माणसं स्वतः बाहेर येऊन आमच्याबरोबर चटईवर बसायची. हे सांगताना मी दोनदा चष्मा पुसला. (धूळ फार आहे हल्ली गंगापूर रोडला.) हेही सांगितलं, की अँटेनाचा पाइप हाताने धरून ठेवला तरच चित्र नीट दिसायचं आणि तो धरायला पत्र्यावर तू चढायचीस. खालून आम्ही ओरडायचो, "आलं! गेलं! सकीना, हलू नकोस गं!" जाहिराती लागल्या की तुला सुट्टी, कारण जाहिरातीत पडद्यावर मुंग्या आल्या तरी कुणाचं बिघडत नव्हतं. म्हणून मालिका मी तुला दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर सांगायचे आणि जाहिराती तू मला म्हणून दाखवायचीस. इतक्या वर्षांत हे कधी बोलले नाही, आज लिहिते: मी पाहिलेली प्रत्येक मालिका तू पत्र्यावर उभी होतीस म्हणून पाहिली. थँक यू. (सिस्टर बर्नाडेट असत्या तर म्हणाल्या असत्या, फार उशिरा.)

एवढ्यावर थांबले असते तर अब्रू राहिली असती. पण वेळ काढायला सायलीने मला स्टेजवर ढकललं. "आई, तुमची ती मोरपीस निळीची जाहिरात करा ना!" मी पदर खोचला, काल्पनिक दोरीवर काल्पनिक साडी टाकली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "वन्सं, तुमचं लुगडं एवढं पांढरं कसं?" आणि सवयीने उजवीकडे, वन्संच्या म्हणजे तुझ्या जागेकडे, पाहिलं.

उजवीकडे स्पीकरचा खांब होता.

मी खांबाकडेच बघत राहिले. तेवढ्यात बी विंगचे रंगनाथराव मागून ओरडले, "अहो, कुणीतरी वर चढा, अँटेना फिरवा!" सगळा हॉल हसला. त्याच क्षणी लॅपटॉप सुरू झाला, तर हेच रंगनाथराव म्हणतात, "बंद करा रे ते, चांगलं चाललं होतं!" मी तोंड पाडून खाली उतरले. योगिनीबाई विसरायला लागल्या, ही बातमी सकाळपर्यंत दूधवाल्याला कळली होती. सायली रोज पहाटे भिजवलेले बदाम पुढे करते आणि मी ते चावेपर्यंत समोर उभी राहते. पोर मनाने चांगली आहे, हे मला तिच्या तोंडावर म्हणायला लावू नकोस.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तीळतेल लाव. आवेजला सांग, मावशी त्याच्यावर रागावलेली नाही, राग फक्त त्याच्या स्पीकरवर आहे.

तुझीच,
योगिनी

ता. क. व्यत्ययामुळे कार्यक्रम अर्धाच झाला, म्हणून उरलेला पुढल्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी आहे. त्यात 'योगिनीबाई आणि सकीनाबी, मोरपीस नीळ' असं छापून झालं आहे. छापायला मीच सांगितलं. तुझा पलंग खिडकीशी घातला आहे. खालच्या मजल्यावर राहतो आम्ही, जिना नाही, पत्रा तर नाहीच.

ता. क. दुसरा. वन्संचं उत्तर मी विसरलेले नाही. निळीच्या पुडीवरच्या मोरासकट मला पाठ आहे, खांबाकडे बघताना ते जिभेच्या टोकावर होतं. पण ते तुझं आहे, मी कसं म्हणू? तेव्हा ये, आणि म्हण. बदाम आता खाववत नाहीत.