खांबावरच्या देवाची केळी

१३ जानेवारी २००६, शुक्रवार. जवळा बाजार.
यांच्या कृषी केंद्राने सोयाबीन बियाण्याचं टारगेट पार केलं. म्हणून कंपनी जोडप्याने बँकॉकला नेणार. खर्च सगळा त्यांचा, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर मला देश बघायची हौस नाही.
संकल्प केले. एक, परदेशी अन्नाला तोंड लावायचं नाही. दोन, सोमवार मोडायचा नाही. तीन, वहीत रोज खरं तेच लिहायचं.
चाळीस दशम्या केल्या. शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचे लाडू वेगळे बांधले. शिरड शहापूरचे डीलर भावसिंगभाऊ राठोड आणि त्यांच्या निर्मलाबाई सोबत येणार. निर्मलाबाई तांड्यावरच्या, बोलायला फटकळ. डबा बघून म्हणाल्या, ताई, चाळीस काहून? समद्या इमानाला जेवू घालता का?
उपाशी पडतील तेव्हा कळेल.

१६ जानेवारी, सोमवार. बँकॉक. सकाळी ११.
दशम्यांचा डबा मुंबईच्या स्टेशनवर राहिला. यांनी धरला असं मला वाटलं, मी धरला असं यांना. चटणी त्याच पिशवीत. लाडू माझ्या पर्समध्ये होते, ते वाचले.
हॉटेल लहान आहे. खाली जेवणाचा हॉल, मालकीणबाई स्वतः गल्ल्यावर. दारात एक खांब, त्याच्यावर चिमुकलं देऊळ. झेंडूच्या माळा, उदबत्ती, वाटीत भात, केळी, खोबरं. लाल कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात स्ट्रॉ. देवाला स्ट्रॉ! केवढी ती काळजी. येणारा जाणारा हात जोडतो. मन भरून आलं. उगीच परदेश परदेश म्हणतात. ही तर आपलीच माणसं.
नैवेद्य मांडते ती वाढपी बाई नोई. वय माझ्याएवढं. गुडघेही माझ्यासारखेच, जिना चढताना कठड्याला लटकते.
आज उपवास. फराळाचं काही मिळेना. दोन केळी प्रसादाची घेतली. औंढ्याला नागनाथाचा पुजारी प्रसाद हातावर ठेवतो हे खरं, पण इथं पुजारीच नाही. मग आपल्या हातानेच घ्यायचा. शिवाय देवाचं फुकट नको म्हणून एक लाडू तिथं ठेवला. नोई टेबल पुसत होती, तिचं लक्ष नव्हतं.

१७ जानेवारी, मंगळवार. दुपार.
काल रात्रीचं जेवण म्हणजे शिक्षा. पालेभाजीला मासोळीचा वास. कंपनीचे लालसिंग साहेब सोबत आहेत, त्यांनी दोनदा नो फिश सांगितलं. मासा काढून आणला, वास तसाच. मी नुसता भात खाल्ला मीठ लावून. निर्मलाबाईंनी तीन वाट्या ओरपल्या. म्हणाल्या, ताई, नाक झाका अन् तोंड उघडा.
सकाळी तीन केळी आणि खोबऱ्याचा तुकडा घेतला. उपवास नव्हता, पण पोट कुठे वार बघतं? लाडू ठेवलाच.
हे आणि भावसिंगभाऊ मिटिंगला गेले. मिटिंगला गॉगल कशाला लागतो कळलं नाही.
निर्मलाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, तुमी जेवून न्हाई राहिल्या, अन् चेहरा तर उपाशी दिसून न्हाई राहिला. मी म्हटलं, नामस्मरण.

१८ जानेवारी, बुधवार. सकाळी ८.
चमत्कार. काल तीन केळी होती, आज पाच. सोललेल्या फणसाचे गरेही. बाजूला कागदी रुमाल, नीट घडी घालून. नागनाथाला सगळं कळतं. भक्त कुठेही असो.
तीन केळी आणि गरे घेतले. लाडू ठेवला. उरलेली दोन केळी कुणी भुकेला येईल म्हणून राहू दिली.

१९ जानेवारी, गुरुवार. सकाळी ९.
सकाळी खाली आले तर देवळापाशी गलका. मालकीणबाईंच्या हातात वाटी, वाटीत माझे तिन्ही लाडू. समोर नोई, मान खाली. मालकीणबाई ओरडत नव्हत्या, अगदी सावकाश बोलत होत्या. ते जास्त वाईट.
लालसिंग साहेबांनी विचारून सगळ्यांना सांगितलं. ते देऊळ म्हणजे या जागेच्या राखणदाराचं घर. त्याचं खाणं वाढायचं, उदबत्ती विझेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. इथं उदबत्ती जळत असतानाच कुणीतरी खातं, आणि बदल्यात हे काळे गोळे ठेवतं. करणी असेल म्हणून मालकीणबाई घाबरल्या आहेत. तिथं वावर एकट्या नोईचा. म्हणून शनिवारी तिचा हिशेब करून कायमची घरी.
निर्मलाबाईंनी लाडवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, ताई, हे तिळाचे दिसून राहिले. मी म्हटलं, तीळ सगळ्या जगात होतो. त्या म्हणाल्या, व्हय, पण इलायची अन् खोबरं किसून?
उद्या सकाळी आंघोळ करून स्वतः सांगणार. ठरलं.

२० जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.
सांगणं झालं नाही. सकाळी मालकीणबाई फोनवर. दुपारी हॉलमध्ये गिऱ्हाईक, चारचौघांत त्यांना कशाला लाजवायचं. नंतर त्या मोकळ्या होत्या, पण मॅट्रिकला इंग्रजीत मला अडतीस मार्क. अर्धवट भाषेत सांगितलं आणि भलतंच समजल्या तर नोईलाच तकलीफ.
आज देवळातलं काही घेतलं नाही. म्हणजे प्रकार थांबला. थांबलेली गोष्ट उगाळून काय होतं?
यांना सांगून बघितलं. हे म्हणाले, गप बस, पुढच्या वर्षी स्कीम सिंगापूरची आहे.
नोईने आज पाणी आणून दिलं. ग्लास ठेवताना हसली. मी तो ग्लास तसाच ठेवला.
निर्मलाबाई खोलीत आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, तिचे गुडघे गेलेत. या वयात तिला दुसरीकडं कोण उभं करतं? तुमी सांगता का मी सांगू?
मी म्हटलं, मीच सांगणार होते. त्या म्हणाल्या, व्हय ना, कालपासून सांगूनच राहिल्या.

२१ जानेवारी, शनिवार. विमानात.
साडेनऊला गाडी निघणार होती. नऊला निर्मलाबाईंनी माझं मनगट धरलं आणि खाली नेलं. लालसिंग साहेबांना उभं केलं. मी सगळं सांगितलं. आठ केळी, खोबरं, गरे. लाडू माझे, त्यात करणी नाही, साजूक तूप आहे. साहेब भाषांतर करताना दोनदा थांबले.
मालकीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भूक लागली तर घ्यावं. उदबत्ती विझू द्यावी, हात जोडून त्याला विचारावं, मग घ्यावं. आम्हीही घेतो. तुम्ही फक्त विचारलं नाही.
मग नोईला बोलावलं. ती बराच वेळ बोलली. साहेबांनी थोडक्यात सांगितलं. पहिल्याच दिवशी तिने मला बघितलं होतं. पाहुणी बाई जेवत नाही, भुकेली आहे, असं तिला वाटलं. म्हणून बुधवारी तिने घरून जास्तीची केळी आणली, फणस सोलून ठेवला, हात पुसायला कागद ठेवला. गुरुवारी गप्प राहिली, कारण पाहुणीला सगळ्यांसमोर खाली बघायला लागलं असतं.
बुधवारचं पान मी आत्ता परत वाचलं. खोडलं नाही. वहीत खाडाखोड बरी दिसत नाही.
मालकीणबाई म्हणाल्या, नोई कामावर राहील, पण तुम्ही माफी मागा.
मागितली. उदबत्ती लावली, खांबापुढे गुडघे टेकले. राखणदारबाबा, अडाणी लेकरू समजून पोटात घाल म्हटलं. नागनाथाला अभिषेक बोलले, सोळा सोमवार बोलले. रडू आलं. चांगली दहा मिनिटं गेली असतील. इतकी मनापासून माफी मी कधी मागितली नव्हती.
उठले तर नोई माझी मोठी बॅग उचलून गाडीकडे निघालेली. एका हातात बॅग, दुसऱ्यात निर्मलाबाईंची पिशवी. पाय ओढत. तिला हात जोडायला माझे हात मोकळे होते. पण ड्रायव्हरने हॉर्न दिला, यांनी हाक मारली, खिडकीजवळची जागा दुसरं कुणी घेईल असं वाटलं.
गाडी वळेपर्यंत ती उभी होती. तिने हात जोडले. मी पदर सारखा करत होते.

२३ जानेवारी, सोमवार. जवळा बाजार. दुपारी ४.
घरी सुखरूप. सकाळीच औंढ्याला जाऊन अभिषेक केला. मन अगदी हलकं झालं. शेजारच्या बायका भेटायला आल्या. त्यांना स्ट्रॉवाल्या देवाचं सांगितलं, खूप हसल्या. बाकीचं सांगण्यासारखं काही नव्हतं.
तेवढ्यात निर्मलाबाईंचा फोन. पोचल्या का, तब्येत कशी, सगळं झालं. मग म्हणाल्या, ताई, निघताना नोईला काय म्हणाल्या? मी गाडीत होते, दिसलं न्हाई मला.
मी म्हटलं, माफी मागितली ना, तुमच्यासमोरच.
त्या म्हणाल्या, देवाचं न्हाई इचारून राहिले मी.
लाइन खराब होती. ठेवून दिला.
आज उपवास. सासूबाईंनी ताटलीत दोन केळी आणून ठेवली. एक सोललं, तोंडाजवळ नेलं, परत ठेवलं. दुधाचा पेला पुढे केला, तोही नको म्हटला.
सासूबाईंनी बायकांना बोलावून दाखवलं. म्हणाल्या, बघा, एवढा प्रवास करून आली, पण माझ्या सुनेचा सोमवार किती कडक.
बायकांनी हात जोडले. मी पदर सारखा केला.