प्रोसेसचं वचन आणि देडतलाईचा धूर

८ जानेवारी, गुरु.
पुण्याहून फॉर्म आला. कंपन्यांनी हवामानासाठी दिलेली वचनं कितपत खरी, याला तिथली एक संस्था गुण देते. शून्य ते चार. गावात जाऊन डोळ्यांनी बघायला त्यांना माणूस हवा होता. केळीचे भाव आणि नळाला पाणी न आल्याच्या बातम्या देणारा बुऱ्हाणपूरचा वार्ताहर त्यांना कसा चालला, हा माझा पहिला संशय.

माझ्या वाट्याला 'प्रोसेस' आलंय. लूमवरचं कोरं कापड धुऊन-रंगवून देणारा कारखाना. खरं नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. त्यांचं वचन: बॉयलरमध्ये दगडी कोळसा दोन वर्षांपासून बंद, त्याऐवजी पऱ्हाटी. कापूस वेचून झाला की शेतात वाळकी झाडं उरतात ना, ती. भुगा करून जाळतात. आणि सन दोन हजार चाळीसपर्यंत कार्बन सगळाच शून्य.

संस्कृत पाठशाळेत न्यायशास्त्रातल्या अनुमानाच्या पाच पायऱ्या घोकल्या होत्या. प्रतिज्ञा ही पहिली, पुरावा त्यानंतर. कंपनीत प्रतिज्ञा झाली की सगळे जेवायला जातात.

फॉर्ममध्ये एक प्रश्न: कंपनीत नातेवाईक आहे का? पर्याय: पती/पत्नी, आईवडील, मुलं. माझी बायको सुधा, तिचा भाऊ मनोहर त्याच बॉयलरवर आहे. मेहुण्याचा रकानाच नाही. 'नाही' वर टिचकी मारली. शास्त्राप्रमाणे मी निर्दोष.

१० जाने., शनि.
प्रोसेसमध्ये गेलो. पर्यावरण अधिकारी तिवारीजी. फाटकावर गुलाबाचं फूल, आत काजू. काजूपासूनच सावध झालो.

विचारलं, सन चाळीसला वचन मोडलं तर कुणाला धरायचं?
"सर, कमिटमेंट कंपनी का है, व्यक्ति का थोड़े ही."
"तुम्ही तेव्हा कुठे असाल?"
"रिटायर. ओंकारेश्वर में, भगवान की दया से."
निदान हे तरी खरं बोलला.

कोळशाचं जुनं आवार रिकामं. भिंतींना चुना इतका ताजा की कोटाच्या पाठीला लागला. चुना कशावर मारतात? काळं काहीतरी असल्यावर. चिमणीतून धूर जवळजवळ नाही. गुरुजी समोरच्या डोंगरावरचा धूर दाखवून विचारायचे, तिथे आग आहे ना? आम्ही म्हणायचो, आहे. इथे धूरच नाही, तर काय सिद्ध करू? पाहुणा येणार म्हणून आजच्यापुरती चूल थंड ठेवली असेल.

मनोहर लांबून दिसला. ओळख दाखवली नाही. शहाणा आहे. की कुणी सांगितलं होतं?

१३ जाने., मंगळ.
कोळसा येत असेल तर रेल्वेने येईल, बुऱ्हाणपूरला उतरवला तर गाव बघेल, म्हणजे आधीच्या एखाद्या स्टेशनावर उतरवतील. या बिनतोड तर्काने सकाळच्या गाडीने चांदनीला गेलो. तीन तास बाकावर. कोळशाचा एक खडा नाही. स्टेशनमास्तर म्हणाला, "यहाँ तो कोयला चाय की टपरी पे भी नहीं मिलता."

परतीच्या डब्यात बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन चढल्या. इतक्या मोळ्या या गाडीला पूर्वी बघितल्याचं आठवत नाही. एक फांदी माझ्या कानात. ओली होती, चीक लागला. "सरका ना हो बाबूजी, लाकूड काई तुमच्यासाठी वाकनार हाये का?" सरकलो. कान लाल, तपासाचं फळ शून्य.

१४ जाने., बुध. संक्रांत.
मनोहर तिळगूळ घेऊन आला. सोबत दर सणाला आणतो तशी पिशवीभर राख, ताईच्या देवघरातल्या पितळेसाठी. सुधाने निरांजन घासायला घेतलं. मी चहा पीत होतो.

सुधा सहज म्हणाली, "हल्ली तुझी राख बरी असते रे. आधीची कशी खरखरीत, समईवर ओरखडेच ओरखडे. मी म्हटलं नव्हतं का, तुझी राख तुझ्या प्रोसेसला ठेव?"
"तो कोळसा होता ना ताई. ही पऱ्हाटीची. पिठासारखी."
"कधीपासून मऊ यायला लागली?" मी. चहाचा कप खाली.
"दोन वर्षं होतील. का हो?"

मी चांदनीला कान फोडून घेतला आणि पुरावा देवघरात.

तरी एक संशय. मनोहर आमच्यासाठी निवडून आणत असेल तर? म्हटलं, उद्या ढिगाच्या मागून, खालून, कुठूनही उचलून आण. तीन जागांच्या तीन पुड्या.
"दाजी, तिळगूळ घेऊन कडू बोलता?" पण हसला. मग हसणं थांबलं.

१६ जाने., शुक्र.
तीन पुड्या आल्या. तिन्ही मऊ. सुधाने तिन्हींनी तीन ताम्हणं घासली आणि शेजारणीला दाखवली. माझ्या तपासामुळे घरातलं पितळ कधी नव्हे इतकं लखलखतंय.

आज मनोहरने पोटातलं सांगितलं. परदेशातला जो मोठा खरेदीदार आहे, तो पुण्याचा गुण बघणार. तीन किंवा वर आला तर पऱ्हाटीचा बॉयलर चालू राहील. खाली गेला तर ऑर्डर दुसरीकडे आणि हा बॉयलर बंद. एकोणीस वर्षं तो ठेकेदाराकडे होता. भुग्याला सारखी नजर लागते, जाणता माणूस लागतो, म्हणून मागच्या साली त्याला पक्का केला.

"मी तुम्हाला खोटं लिहा असं नाई म्हणत, दाजी."
"मग काय म्हणतोस?"
"खरं आहे ते तरी पूर्ण लिहा, एवढंच."

शास्त्रात ज्याच्या शब्दावर विसंबावं तो आप्त. घरात मेहुणाही आप्तच. माझी पंचाईत शास्त्राने आधीच ओळखली होती म्हणायची.

१९ जाने., सोम.
फॉर्म अर्धा भरला. कोळसा बंद: होय. उत्तर देणारा माणूस ठरला आहे का: नाही (ओंकारेश्वर). मधले टप्पे: कागदावर आहेत. जमा करून तीन होतात. मनोहरची नोकरी वाचते.

खोटं न सापडल्याचं इतकं वाईट मला याआधी वाटलं नव्हतं. सुधा म्हणते, "एखादा माणूस खरंही बोलत असतो, अहो." असेल. पण काजू?

एकच गोष्ट उरली. भुग्यात पऱ्हाटीच आहे की जंगलाचं लाकूडही घालतात? भुगा जिथून येतो त्या गावी जाऊन बघायला हवं. देडतलाई.

२२ जाने., गुरु.
देडतलाई. सकाळच्या बसने.

शेतांत प्रोसेसचं मशीन फिरत होतं. एका बाजूने पऱ्हाटी आत, दुसऱ्या बाजूने ट्रॉलीत भुगा. दोन तास उन्हात उभा राहिलो, वाकून भुगा चिवडला, वास घेतला. शुद्ध पऱ्हाटी. एक काडी जंगलाची नाही. वचन अक्षरशः पाळलेलं. घसा कोरडा पडला.

कमलाबाईंच्या घरी पाणी मागितलं. शेताच्या कडेचं घर, मजुरी करतात. म्हणाल्या, बसा, चहा टाकते. आत बसलो आणि डोळे चुरचुरले. घरभर धूर. फळीवर गॅसचा सिलिंडर, त्याला फुलाफुलांचं कव्हर.
"गॅस आहे की, बाई."
"पाव्हन्यांसाठी हाये. तुम्ही कुठं पाव्हने? तुम्ही तं चौकशीवाले."

मग फुंकणीने फुंकत फुंकत सांगितलं, तसंच उतरवतो:
"पैले पऱ्हाटी उपटली का शेतवाला म्हने, घेऊन जा गं बायांनो, शेत मोकळं होते. दारापुढं थप्पी राह्यची, पाऊस लागेपर्यंत सरपन पुरे. चट पेटे, धूर नाई. आता मशीन येते, सारं खरडून नेते. शेतवाल्याला कंपनी देते, मंग तो आम्हाले फुकट काहून देईल? आता डोंगरावर जाते मी. दोन कोस. झाड ओलं राह्यते, वाळायला टाईम कुठं? तसंच घालते चुलीत. धूर तं होईलच."

चहात धुराचा वास. सगळा प्यालो.

चांदनीच्या गाडीतला तो चीक आत्ता आठवला. फांदी ओली होती. मी कान चोळत बसलो होतो.

गुरुजींचा प्रश्न अर्धाच लक्षात ठेवला मी. ते पुढे विचारायचे: आणि जिथे आग तिथे धूर असतोच का? आम्ही सगळे एका सुरात, असतो. मग छडी. लाल तापलेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. धुराला आगीबरोबर ओलं सरपण लागतं, ते कुठे आहे ते बघा, गाढवांनो. चाळीस वर्षांनी तीच छडी. मी चिमणीकडे बघत बसलो. धूर गेला नव्हता, राहायला दुसरीकडे गेला होता.

२३ जाने., शुक्र.
पुण्याच्या संस्थेतल्या रागिणीताईंना फोन. (वयाने मुलगी शोभेल, पण गुण देणाऱ्याला ताईच म्हणावं.) सगळं सांगितलं.
"सर, हे खूप इंटरेस्टिंग आहे. पण बाउंडरीच्या बाहेर येतं. आपण कंपनीच्या फाटकाच्या आतलं मोजतो."
"धुराला फाटक कळत नाही हो."
"माहितीये सर. 'इतर निरीक्षणे' मध्ये लिहा ना. दोनशे अक्षरं बसतात. आणि तुमचा गुण तुम्हीच ठरवायचाय. त्यात मी काही सांगणार नाही."

दोनशे अक्षरांत कमलाबाई बसवून बघितल्या. सिलिंडरचं कव्हर बाहेर राहतं. डोंगर तर राहतोच.

२५ जाने., रवि.
मनोहर जेवायला आला. सांगून टाकलं. त्याने भाकरी ताटात परत ठेवली.
"म्हणजे दोन देणार?"
"ठरलं नाही."
"दाजी, कोळसा जाळत होतो तेव्हा कोणी विचारायला आलं नाई. आता चांगलं करतोय तर..."
सुधा मधे पडली नाही. ती मधे पडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते. ताट उचलताना एवढंच म्हणाली, "त्या बाईच्या घरी तुम्ही चहा प्यालात. याच्या घरीही पिता."

निघताना मनोहर चप्पल घालता घालता म्हणाला, "मशीन बायांसाठी बांधाकडच्या चार ओळी सोडू शकतं. आम्हाला तेवढा भुगा कमी पडला तर चालतं. पण हे मी तिवारीला सांगितलं तर कोण ऐकणार? तुम्ही सांगा."

एकोणीस वर्षं ठेकेदाराकडे राहिलेला माणूस. माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

२८ जाने., बुध.
तिवारीजी. या वेळी काजू नव्हते, म्हणजे मला ओळखायला लागले आहेत. चार ओळींची गोष्ट मांडली. मान हलवली, फोन केला, पुन्हा मान हलवली.
"हो जाएगा सर. अगले सीज़न से पॉलिसी में डाल देंगे."
"पुढचा हंगाम नको. देडतलाईत अजून निम्मी शेतं उभी आहेत. या हंगामात, या आठवड्यात."
"शनिवार तक. मेरा शब्द है."
"कंपनीचा की व्यक्तीचा?"
पहिल्यांदाच मोकळा हसला. "व्यक्ति का, सर. लिख लीजिए."

लिहून घेतलं. आता या वचनाला किती गुण? सन चाळीसचं वचन मोजायला मला फॉर्म दिलाय, शनिवारचं मोजायला काही नाही. हा माणूस हसला म्हणून विश्वास ठेवावा, तर काजूच्या दिवशीही हसला होता. न ठेवावा, तर मनोहरची नोकरी.

३० जाने., शुक्र.
फॉर्म उद्या संध्याकाळी सहाला बंद होतो. निरीक्षण लिहिलं, एकशे अठ्ठ्याण्णव अक्षरं, दोन उरली. वर मेहुण्याचं नातंही कळवलं. रकाना नव्हता म्हणून वेगळं पत्र. त्यामुळे माझाच गुण बाद झाला तर मनोहर कायमचा बोलायचा बंद होईल. रागिणीताईंचं उत्तर: "थँक यू सर. तरीही गुण भरून पाठवा, समिती बघेल." समिती. बरं.

गुणाची जागा मोकळी आहे. दोन टाकलं, पुसलं. तीन टाकलं, पुसलं. सुधाने चष्मा काढून घेतला आणि म्हणाली, जेवा.

कमलाबाईंना फोन लावून विचारता आलं असतं, मशीनने ओळी सोडल्या का. त्या म्हणाल्या असत्या, हो भाऊ, सोडल्या. चौकशीवाल्याला माणसं तेच सांगतात जे सांगून तो लवकर जाईल. जाऊनच बघायचं.

३१ जाने., शनि.
देडतलाईच्या बसमध्ये. अक्षर हलतंय, रस्त्याचा दोष.

निघताना बसस्टँडवर मनोहर उभा. रात्रपाळी करून तसाच आलेला, कपड्यांवर भुगा. "मीपण येऊ?" म्हटलं, नको, तू आलास की मी साक्षीदार नाही राहत, पक्षकार होतो. मान डोलावली. सुधाने डब्यात दोन माणसांपुरतं दिलंय. दुसरं कुणासाठी, ते सांगितलं नाही.

वळण आलं. शेतं दिसायला लागलीत. दोन ट्रॉल्या भरून उलट्या दिशेने गेल्या, वर ताडपत्री. बांधाकडे काहीतरी उभं आहे. पऱ्हाटी की नुसत्या बोरी, इतक्या लांबून सांगता येत नाही, आणि चष्मा परवाच बदलायला हवा होता.

पलीकडे घरांवर धूर आहे. चहाची वेळ आहे, असणारच. पऱ्हाटीचा विरळ आहे की ओल्या लाकडाचा दाट, ते उतरल्यावर.

परतीची बस चारची, फॉर्म सहापर्यंत.