डाव्या पायातली चप्पल

तुळजापूर, मंगळवार, ६ मार्च १९६२

आज संध्याकाळी डाव्या पायातली चप्पल न काढताच मी देवघरापाशी जाऊन बाकावर बसलो. मला पत्ताच नाही! बसल्यावर खाली नजर गेली तेव्हा दिसली. महिन्यापासून तळपाय बधिर आहेत. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, रक्ताचा कॅन्सर आहे, त्यानंच नसा निकामी होतायत. पण ती काढायची कशी? समोर लोहारा गावचे यजमान बसलेले, देवीच्या दर्शनाला येऊन आमच्याकडे उतरलेले. पाय बधिर म्हटलं की लोक एकच नाव घेतात, महारोग. मग या पुजाऱ्याच्या हातचा प्रसाद कोण घेईल?

आरतीला उठणार, एवढ्यात सूनबाई आली आणि माझ्या पाया पडली. सकाळी पडली होती की! मग पुन्हा का? उठली तेव्हा तिच्या पदराआड काहीतरी होतं.

यजमान म्हणाले, "सून लई गुणाची मिळाली, पुजारीबुवा."

मी खाली पाहिलं. डावा पाय मोकळा!

मागाहून विचारलं तर म्हणते, "कुठं काय, मामंजी? नमस्कार केला."

ठीक आहे. पायांना कळत नसेल, पण डोळे शाबूत आहेत माझे. उद्यापासून उंबऱ्याशी आधी खाली बघायचं. चप्पल माझी मी काढीन. सूनबाई वाकली, तर नमस्कारालाच वाकली पाहिजे.