पाठराखा

भिंगार, दिवाळी सरल्यावर

प्रिय मच्छिंद्रा,

मामाची साठी उलटली, आई, आता तरी 'मच्छिंद्रराव' लिही, असं सुनील सांगत होता. पण ज्याचं शेंबडं नाक मी पदराने पुसलं त्याला राव म्हणायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा मच्छिंद्राच.

तू मोबाईलवर पाठवलेली पाचही माहितीपत्रकं पोचली. त्या काचेवरची बारीक अक्षरं मला दिसेनात, म्हणून निकिताने बाजारातून कागदावर छापून आणली. म्हणाली, आई, मामांसाठी देशांनी रांग लावलीय. खरंच की रे! मलेशिया म्हणतो माझ्याकडे या, थायलंड म्हणतो माझ्याकडे. मॉरिशस आहे, ग्रीस आहे, तुझं ते पोर्तुगाल आहे. आणि सगळ्यांच्या पहिल्या पानावर तेच पांढऱ्या केसांचं जोडपं समुद्राकाठी हसत उभं. एकाचा गुडघा दुखत नाही, एकाला खोकला नाही. वधूवर मेळाव्यात सरकारी नोकरीचा मुलगा आला की मुलींचे बाप चहाचे कप घेऊन त्याच्या मागे फिरतात ना, तशी गत झालीय तुझी. अटी तेवढ्या सगळ्यांच्या सारख्या. बँकेत भरभक्कम रक्कम दाखवा, विमा उतरवा आणि म्हातारपण खुशाल आमच्याकडे काढा.

हसता हसता मला तुझा पहिला व्हिसा आठवला. आयटीआय करून तू एसी दुरुस्तीला मस्कतला निघालास, तेव्हा तुझ्या भावजींचा इस्त्रीचा शर्ट घालून मुंबईला एजंटाच्या दारात उभा राहायचास. दोनदा हात हलवत परत आलास. दुसऱ्या खेपेला एसटीतून उतरून तू घरात आलाच नाहीस, ओट्यावरच बसलास. मी आतून ताट वाढून आणलं तर म्हणालास, अक्का, मी कुणाला नकोच हाय का गं? आज तोच तू, पुढचे दोन वाकडे दातही तेच, आणि पाच देश पायघड्या घालून उभे! असतील शिते तर जमतील भुते म्हणतात ते देशांनाही लागू पडतं, हे मला या वयात कळलं.

कुणी रांग लावली नव्हती तेव्हा भिंगारने तुला ठेवून घेतलं, हे मात्र विसरू नकोस. माझं लग्न झालं तेव्हा आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. देवळाली प्रवरेच्या घरात आपले अण्णा, तू आणि मी. नव्या नवरीबरोबर पाठराखीण म्हणून सासरी जायला घरात बाईमाणूस नव्हतं. चुलतीचे पाय भरून आलेले. मग अण्णांनी तुलाच पाठवलं. नऊ वर्षांचा पाठराखा, डोक्याला टोपी, खिशात सुपारी! वरातीत बायका पदराआड हसत होत्या, आणि तू माझ्या शालूचं टोक मुठीत धरून बसला होतास. मी रडत होते ते सासरच्या भीतीने, असं सगळ्यांना वाटलं. मला भीती एकच होती, दोन दिवसांनी तुला परत पाठवतील.

दोन दिवस झाले, चार झाले. तू काही हलेनास. सासूबाई, मुक्ताबाईच त्या, चुलीपुढून ओरडल्या, "पाठराखीण दोन दिस ऱ्हाती अन् जाती. ह्यो कवा जानार?" माझ्या हातातली भाकरी तव्यावर वेडीवाकडी पडली. तू तेवढ्यात बाहेरून घामाघूम होऊन आलास आणि त्यांच्याच हातातला तांब्या घेऊन घटाघटा पाणी प्यालास. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. पुढच्या सोमवारी तुझ्या भावजींना म्हणाल्या, "साळंत नाव घाला त्याचं. लई हुंदडतंय गावभर." झालं! तुझा व्हिसा मंजूर. ना विमा, ना बँकेचा कागद. त्या दिवसापासून तू मस्कतला जाईपर्यंत त्या घरात एक भाकरी जास्त थापली गेली, आणि ती कधी कुणी बोलून दाखवली नाही.

म्हणून मला राग आला होता तुझा, सांगून टाकते. तू मस्कतचा धंदा भागीदाराला देऊन टाकलास म्हटल्यावर मी गृहीतच धरलं होतं की आता तू घरी येणार. सुनीलच्या मागे लागून वरची खोली रंगवून घेतली. तुला आवडतो तसा फिकट पिवळा रंग. खोलीला लागून नवा कमोडही बसवला. आणि मग तुझा फोन, की पोर्तुगाल नक्की होतंय. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. त्या पत्रकात लिहिलंय, तिथे फार शांतता असते. अरे, इथे लष्कराच्या रणगाड्यांचा सराव सुरू झाला की खिडक्या थडथडायच्या आणि तू घोरत पडायचास. तुला शांततेत झोप लागणार आहे का?

पण मग अश्विनी आठवली. माझी भावजय गोड होती रे. शेवटच्या दिवाळीला ती आली तेव्हा आम्ही दोघी करंज्या तळत होतो, आणि ती मला पोर्तुगालच्या त्या गावातल्या एका गॅलरीबद्दल सांगत होती. तुम्ही दोघं फिरायला गेला होतात, खाली कोळ्यांच्या होड्या, समोर संत्र्याचं झाड. म्हणाली, अक्का, यांना रिटायर झाल्यावर तिथेच नेऊन बसवणारे मी, नाहीतर हे मेले तरी काम सोडायचे नाहीत. करंजी फुटली तिच्या हातून बोलता बोलता. तुला मूल नाही, आता तीही नाही. तू देश निवडलेला नाहीस, तिने दाखवलेली जागा निवडलीस. एवढं कळायला मला दोन दिवस लागले, म्हणजे मीही म्हातारीच झाले म्हणायची.

दिवाळीआधीच्या फोनवर तू कर सांगितलास, दवाखाने सांगितलेस, बाजार किती जवळ ते सांगितलंस. मी हूं हूं करत होते. मग एकदम बारीक आवाजात म्हणालास, "अक्का, तू येशील का गं?" मी हॅलो, हॅलो करत नेटवर्क गेल्याचं सोंग केलं. नेटवर्क चांगलं होतं. मला हुंदका आला होता, आणि तुझ्यापुढे मी कधी रडले नाही. वरातीतलं धरू नकोस.

नंतर मी ती पाचही पत्रकं निकिताला शब्द न् शब्द वाचायला लावली. तुझ्याबरोबर कोण कोण राहायला येऊ शकतं, एवढंच मला बघायचं होतं. बायको चालते, मुलं चालतात, आईबाप चालतात. थोरली बहीण काही आम्हाला कुठे सापडली नाही. आई म्हणून तुला वाढवलं मी, पण ते त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं! एवढे शहाणे देश, पण मुक्ताबाईंइतकी अक्कल एकालाही नाही.

तेव्हा आता नीट ऐक, ज्यासाठी एवढं लिहिलं ते. सोंग केलेल्या फोनचं उत्तर असं, की मी येतेय. राहायला नाही, पाहुणी म्हणून. त्याचा तीन महिन्यांचा व्हिसा मिळतो म्हणे. सुनीलने माझ्या गुडघ्यांचं कारण सांगून बघितलं, मी ऐकलं नाही. नवीन घरात पहिला दिवा लावताना माणसाजवळ आपलं कुणीतरी असावं लागतं, हे मला नव्याने कुणी सांगायला नको. तेव्हा तू होतास. पासपोर्टच्या चौकशीला परवा पोलीस घरी आला होता, वाल्मिक नावाचा, पाथर्डीकडचा पोरगा. म्हणाला, "आजी, ह्या वयात लोकं काशीला जात्यात, तुमी लई लांब निघाल्या." मी म्हटलं, भाऊ नांदायला निघालाय, त्याची पाठराखीण म्हणून चाललेय. तो म्हणाला, "मंग जायाच पायजे," आणि चहा पिऊन गेला. वरच्या खोलीला मी कुलूप लावलेलं नाही, निकिता रोज खिडकी उघडते. गॅलरीत एक खुर्ची जास्तीची ठेव. आणि तिथल्या सरकारला आधीच कानावर घालून ठेव, की आपल्या घरात पाठराखणीला आलेलं माणूस वेळेवर परत जात नाही.

शालूचं टोक आता तुझ्याकडून माझ्या मुठीत घेणारी,
तुझीच
अक्का